जलपरी बडोद्यात आणायची तर

जलपरीचं विडंबन चित्रांतून करायचं तर आधी मूळ गोष्ट वाचा. पिक्चर बघून विडंबन काढायला बसू नका. गणपतीत आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळाच्या फलकावर मी जलपरीची चित्रमालिका लावते. ती बघून मुलं हौसेने आपापली जलपरी काढून आणतात आणि दहातल्या नऊ जणींचे केस लाल, शेपटी हिरवी, अंगावर जांभळे शिंपले. तो अवतार डिस्नेच्या १९८९ सालच्या पिक्चरचा, आणि तो त्यांचाच राहू द्या. हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी गोष्ट लिहिली १८३७ साली, डेन्मार्कमध्ये. ते वारले १८७५ साली. त्यांच्या गोष्टीचे हक्क कधीच संपले, ती आता कुणीही घ्यावी.

आणि घेण्यासारखं तिच्यात इतकं आहे की पदरचे विनोद फारसे घालावेच लागत नाहीत. जलपरीची आजी घ्या. राजघराण्यातली म्हणून ती शेपटीवर १२ शिंपले मिरवते, बाकीच्या मानकऱ्यांना सहाचीच परवानगी. नात पंधरा वर्षांची झाल्यावर तिच्या शेपटीला आजी आठ शिंपले चिकटवते. पोरगी म्हणते, दुखतंय. आजी म्हणते, मान हवा तर सोसायला हवं. ही बाई आपल्या प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेत बसलेली असते! तिला नऊवारी नेसवू नका, नथही घालू नका, नुसते शिंपले मोजायला लावा. वाचक ओळखतात.

हीच आजी नातींना पक्ष्यांबद्दल सांगताना त्यांना मासे म्हणते, कारण पोरींनी पक्षी कधी पाहिलेलेच नसतात. हे वाचलं आणि माझा उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, भाग तयार झाला. जलपरी पाण्यातून डोकं वर काढते. आभाळभर रंगीत मासे, प्रत्येकाला दोरी, आणि अख्खं शहर गच्चीवर उभं राहून गळ टाकतंय. त्या चौकटीत मी तिच्या तोंडी एक शब्दही घातला नाही, फक्त डोळे मोठे काढले. मूळ गोष्टीतला एखादा नियम उचलायचा, तो खरा धरायचा आणि गावात सोडून द्यायचा. माझी सगळी पद्धत एवढीच.

आता गावात ती येते कुठून, हे एकदा ठरवून टाका, नाहीतर पोरं भंडावून सोडतात. बडोद्याला समुद्र नाही, पण विश्वामित्री आहे. पावागडावरून निघते, शहरातून जाते, पुढे ढाढरला मिळते आणि ते पाणी खंबातच्या आखातात उतरतं. म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहत आली की बाई थेट नदीकाठच्या कमाटीबागेत. तिथे मगरी. पावसाळ्यात पूर आला की सोसायटीत शिरतात त्याच. त्या जुन्या भाडेकरूंसारख्या काढा, नवीन कोण आलंय त्याची चौकशी करणाऱ्या. मुस्कट रुंद हवं, लांब निमुळतं काढलंत तर ती सुसर झाली.

शेपटीबद्दल थोडं. माशाचं शेपूट उभं असतं, ते डावी-उजवीकडे हलतं. डॉल्फिनचं आडवं, ते वर-खाली. जलपरीला डॉल्फिनचं द्या, कारण कमरेतून आणि गुडघ्याच्या जागी बाक आला की ती पायरीवर, ओट्यावर, स्कूटरच्या मागे एका बाजूला, कुठेही बसवता येते. खवले सगळीकडे भरू नका, लांबून काळा डाग दिसतो. दोन-तीन ठिकाणी सुचवले की पुरे.

खरी गंमत आणि खरी अडचण एकाच जागी आहे. पायांच्या बदल्यात चेटकीण तिची जीभ कापून घेते. म्हणजे चित्रमालिकेची नायिका आणि बोलताच येत नाही! बरेच जण इथे पळवाट काढतात, तिला पाटी देतात, मोबाइल देतात. मला ते पटत नाही. मी तिच्या तोंडाशी संवादाचा फुगा काढते आणि रिकामा ठेवते. तो भरायचं काम शेजारचे करतात. पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, काकू रिकाम्या फुग्याकडे बघून म्हणतात, "हो म्हणतेय हो!" वधूवर मंडळातले गृहस्थ वहीत लिहितात, "मुलगी मितभाषी, स्वभाव शांत." सेव-उसळवाला विचारतो, "तीखी?" आणि उत्तराची वाट न बघता तरी ओततो. एका रिकाम्या फुग्यावर अख्खा उत्सव निघतो. बाकीच्यांचे फुगे काढताना मात्र आधी अक्षरं लिहा, मग भोवती रेघ मारा. आधी फुगा काढला की शेवटचा शब्द हमखास चेंगरतो. आणि जो आधी बोलतो तो डावीकडे.

पायांचं दुखणं हसण्यावारी नेऊ नका. प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं, असं गोष्टीत आहे. ती दुखत असताना मी तिला फक्त चालताना दाखवते. हसायचं ते राजपुत्राला. मूळ गोष्टीत हा गृहस्थ तिला आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर झोपायची परवानगी देतो आणि वर लग्न दुसरीशी करतो. माझा राजपुत्र अलकापुरीसारख्या उच्चभ्रू वस्तीत राहतो आणि उशी किती मऊ आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो.

शेवटी तिचा फेस होतो, तो भाग मी अजून काढलेला नाही आणि काढणारही नाही. विसर्जनाच्या आदल्या दिवशी बहिणी येतात तिथे थांबते. त्यांनी चेटकिणीला आपले केस देऊन बहिणीला वाचवायला सुरी आणलेली असते, तेव्हा पाचही जणींचे केस कापलेलेच दाखवा. एकीची जरी वेणी राहिली, तर फलकासमोर उभी राहून कुणीतरी ती बोटाने दाखवतंच.