बाबांसाठी करवंटीतली मेथी
जूनच्या तिसऱ्या रविवारी येणाऱ्या पितृदिनासाठी मुलांना स्वतःच्या हातांनी काही करून द्यायचे असेल, तर नारळाची डोळ्यांकडची करवंटी जपून ठेवावी, कारण तिच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो आणि तो टोचला की पाणी निथळायला आयते भोक मिळते; टोचण्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे. माती आणि शेणखत भरून रात्रभर भिजवलेले मेथीदाणे पेरावेत व वर मातीचा पातळ थर द्यावा. आठवडाभर आधी पेरल्यास हिरवे कोंब वेळेवर दिसतात. आइस्क्रीमच्या काडीवर नाव पेन्सिलनेच लिहावे. स्केचपेनची शाई पहिल्याच पाण्यात ओघळते. करवंटी बुडाशी गोल असल्याने कलंडते, म्हणून तिच्याखाली आईची एखादी जुनी बांगडी ठेवावी.