तान्ह्या बाळासह परदेश प्रवास: या चुका टाळा

बाळाला घेऊन परदेशी जायचे ठरले की बहुतेक पालक सर्वप्रथम खरेदीला लागतात. घडीची बाबागाडी, प्रवासी पाळणा, बाटल्या गरम ठेवणारी पिशवी अशी यादी कागदभर होते. बाळाचे तिकीट निघाले आहे की नाही, हा प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात कोणाला तरी सुचतो. सामान कमी पडल्यामुळे प्रवास बिघडलेला मी क्वचितच पाहिला आहे. तो बिघडतो कागदपत्रांत आणि वेळेच्या हिशेबात केलेल्या घाईमुळे.

मांडीवर बसणाऱ्या बाळाला तिकीट लागत नाही, हा त्यातला सर्वांत चिवट गैरसमज. दोन वर्षांखालील बाळाला स्वतंत्र आसन घ्यावे लागत नाही, हे खरे. पण आंतरराष्ट्रीय विमानात त्याच्या नावाचे तिकीट लागतेच, आणि त्यासाठी अनेक कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या सुमारे १० टक्के रक्कम आणि वर कर आकारतात. ही नोंद आपले तिकीट काढतानाच करावी. ‘विमानतळावर बघू’ म्हणणारे पालक ऐन गर्दीच्या वेळी काउंटरच्या बाजूला ताटकळत उभे असतात. शिवाय वय मोजले जाते ते प्रत्येक उड्डाणाच्या तारखेला. बाळाचा दुसरा वाढदिवस परदेशात साजरा होणार असेल, तर परतीसाठी त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते. स्वस्त तिकिटाच्या आनंदात हे साधे गणित राहून जाते.

पासपोर्टचेही तेच. आईवडिलांच्या पासपोर्टवर मुलाचे नाव लिहून घेण्याचा काळ संपला. युरोपीय संघात तर २०१२ पासून अशा नोंदीवर मुलाला प्रवास करता येत नाही. मोठ्यांना व्हिसा किंवा आगाऊ ऑनलाइन परवानगी लागत असेल, तर बाळालाही ती बहुधा स्वतंत्रपणे लागते. व्हिसाशिवाय अमेरिकेला जाऊ शकणाऱ्यांना लागणारी ‘एस्टा’ ही ऑनलाइन परवानगी तान्ह्या बाळासाठीही वेगळी काढावी लागते. बाळाच्या फोटोत आधार देणारा हात दिसला की अर्ज परत येण्याची शक्यता असते. पांढऱ्या चादरीवर बाळाला निजवून वरून फोटो काढणे सर्वांत सोपे. आईवडिलांपैकी एकच जण सोबत जाणार असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र आणि बाळाचा जन्मदाखला हाताशी असावा.

आता माझ्या विशेष रागाच्या विषयाकडे वळतो: दोन विमानांमधला तोकडा वेळ. एकदा ओळखीचे एक जोडपे दहा महिन्यांच्या मुलीसह माझ्याच विमानात होते. मधल्या विमानतळावर त्यांच्या हाती सव्वा तास होता, आणि तिकीट स्वस्त मिळाल्याचे त्यांनी मला दोनदा सांगितले होते. विमान वेळेवर उतरले, पण ते इमारतीपासून दूर उभे राहिले आणि सर्वांना बसने नेण्यात आले. विमानाच्या दाराशी सोपवलेली बाबागाडी तेथेच परत मिळेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. तिच्यावरची चिठ्ठी मात्र शेवटच्या विमानतळाची होती. गाडीची वाट पाहण्यात आणि चौकशी करण्यात वेळ गेला. पुढे पुन्हा सुरक्षा तपासणी. बाळाच्या दुधाला हातातल्या सामानातील द्रवपदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून बहुतेक ठिकाणी सूट असते, पण सूट म्हणजे तपासणीतून सुटका नव्हे. बाटल्या बाजूला काढून वेगळ्या तपासल्या गेल्या. तेवढ्यात मुलीचे कपडे बदलण्याची वेळ आली. ते गेटवर पोहोचले तेव्हा दार बंद झाले होते आणि पुढचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होते. माझे विमान उशिराचे असल्यामुळे पुढचे सगळे मला पाहता आले: दुधाची पावडर आणि बहुतेक डायपर मोठ्या बॅगांत, त्या बॅगा थेट शेवटच्या ठिकाणी जाणाऱ्या, आणि आईजवळ उरलेले दोन डायपर.

म्हणून बाळ सोबत असताना तीन तासांपेक्षा कमी अंतराचे जोडविमान मी घेत नाही, मग ते कितीही स्वस्त असो. सामान देतानाच बाबागाडी नेमकी कुठे परत मिळणार हे विचारतो आणि चिठ्ठीवरचे नाव स्वतः वाचतो. बाळाला अंगाशी बांधण्याची झोळी सोबत असते, कारण गाडी आली नाही तरी हात मोकळे राहतात. दूध, डायपर आणि कपडे प्रवासाला लागतील त्याच्या दुपटीने हातातल्या बॅगेत, आणि मोठ्यांसाठीही एक जादा सदरा. ओकारी बाळाच्या अंगावरच होते असे नाही.

विमानातला पाळणा, म्हणजे बॅसिनेट, हक्काने मिळत नाही. तो मोजक्या आसनांसमोर लावता येतो, त्याला वजनाची मर्यादा असते, आणि विमान हेलकावे खाऊ लागले की झोपलेल्या बाळाला त्यातून उचलून मांडीवर घ्यावे लागते. आधी फोन करून मागणी नोंदवावी, पण सगळी रात्र त्याच्या भरवशावर आखू नये.

कान दुखू नयेत म्हणून विमान वर जाताना पूर्ण बाटली पाजून टाकणारे पालक नेहमी दिसतात. खरा त्रास उतरताना अधिक होतो आणि तो चाके टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधीच सुरू होतो. त्या वेळी बाळ गिळत राहिले पाहिजे. तेव्हा दूध किंवा चोखणी राखून ठेवावी.

बाळाने प्रवासभर झोपावे म्हणून त्याला सर्दीचे किंवा ॲलर्जीचे औषध पाजण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. या युक्तीबद्दल माझ्याकडे सौम्य शब्द नाहीत. अशा औषधांनी लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो, आणि काही बाळे झोपण्याऐवजी उलट बेचैन होतात, तेही डॉक्टर जवळ नसताना. बाळ रडेल, शेजाऱ्यांची थोडी नाराजी सहन करावी.

डॉक्टरांची भेट निदान महिना-दीड महिना आधी घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासाला जाणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना गोवराच्या लसीचा एक लवकरचा डोस देण्याची शिफारस अनेक ठिकाणी केली जाते. तो नेहमीच्या डोसांत धरला जात नाही, ते नंतर द्यावेच लागतात. पीतज्वराची लस साधारणपणे नऊ महिन्यांआधी देत नाहीत आणि तिचे प्रमाणपत्र १० दिवसांनी ग्राह्य होते, त्यामुळे तिकीट काढल्यावर चौकशी करून उपयोग नसतो.

प्रवास विम्यात बाळाचे नाव आहे ना, हे कागदावर पाहावे.

विमानतळाबाहेर पडताच टॅक्सीत बाळाला मांडीवर घेऊन बसण्याची चूक तर सार्वत्रिक आहे. काही देशांत टॅक्सीला बाल-आसनाच्या नियमातून सूट असते, पण धडकेला ती सूट ठाऊक नसते. आसन आधी मागवावे किंवा स्वतःचे न्यावे; मात्र अमेरिकेत विकत घेतलेल्या आसनाला युरोपात मान्यता असेलच असे नाही. तेथे आसनावर ‘ई’ अक्षराची नारिंगी मान्यता-पट्टी शोधावी.

शेवटी, पोहोचल्यानंतरचे पहिले दोन दिवस मोकळे ठेवावेत. बाळाची झोप नव्या घड्याळाला साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळते, आणि सकाळी नऊच्या संग्रहालयाची आगाऊ तिकिटे काढणाऱ्या उत्साही पालकांना पहाटे तीनला खेळायला उठलेले मूल सांभाळून ती बहुधा वाया घालवावी लागतात.