ईव्हीचं दार उघडत नाही? आधी बारा व्होल्टकडे बघा

"मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली आहे, मग दार का उघडत नाही?" बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीला जाते तेव्हा हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो. गाडी पळवणारी मोठी बॅटरी दार उघडतच नाही. कुलपं, स्क्रीन, दिवे, संगणक हे सगळं १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतं. गाडी बंद असताना मोठी बॅटरी कॉन्टॅक्टर नावाच्या स्विचांनी तोडून ठेवलेली असते, आणि ते स्विच जोडायलाही छोटीच बॅटरी लागते. म्हणून ती पूर्ण बसलेली असताना चार्जर लावून सहसा काही होत नाही. चार्जरशी बोलणारा संगणकच जागा नसतो.

आधी दोष रिमोटचा की गाडीचा, ते ठरवा. मोबाइल ॲपने किंवा दुसऱ्या किल्लीने दार उघडलं, तर रिमोटमधला सेल संपलाय. बहुतेक रिमोटांत सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल असतो. सेल संपला तरी गाडी सुरू होऊ शकते. पुष्कळ गाड्यांत रिमोट स्टार्ट बटणाला टेकवायचा किंवा ठरलेल्या खाचेत ठेवायचा असतो. ॲप गाडीपर्यंत पोचत नाही, दुसरी किल्लीही चालत नाही, हँडलजवळ दिवाही लागत नाही, असं असेल तर छोटी बॅटरी बसली असं धरून चाला.

आता आत शिरायचं. बहुतेक रिमोटांच्या पोटात धातूची किल्ली असते, बारीक खटका दाबून ओढली की निघते. लोक अडतात ते पुढे, कारण कुलपाचं भोक दिसत नाही. ड्रायव्हरच्या हँडलच्या टोकाला गाडीच्याच रंगाची टोपी असते. बोट खालून फिरवा, नखाएवढी खाच लागेल. त्यात किल्लीचं टोक घालून हळूच वर उचला, टोपी निघते आणि कुलूप समोर येतं. स्क्रूड्रायव्हर घालू नका, रंग उडतो. टोपी खिशात ठेवा, अंधारात ती हमखास हरवते. हँडल दारात बुडालेलं असेल, तर बऱ्याच गाड्यांत एक टोक दाबलं की दुसरं बाहेर येतं.

काही गाड्यांना किल्लीचं भोकच नाही. टेस्ला मॉडेल ३ मध्ये पुढच्या बंपरवरचं टो-हुकचं (गाडी ओढून नेण्याच्या हुकचं) झाकण काढलं की लाल आणि काळी अशा दोन वायरी दिसतात. त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की बॉनेट सुटतं. या वायरींनी बॅटरी चार्ज होत नाही, फक्त बॉनेटचं कुलूप सुटतं.

छोटी बॅटरी पुढे असते, मागे डिकीत असते, कधी सीटखाली असते, म्हणून जागा गाडीच्या माहितीपुस्तकात बघून ठेवा. आणि एक कळकळीची विनंती: जंप पॅक, म्हणजे बसलेल्या बॅटरीला बाहेरून वीज देणारी छोटी पेटी, डिकीत ठेवू नका. डिकीचं कुलूप विजेवर चालतं, नेमक्या गरजेच्या वेळी ते उघडणार नाही. घरी ठेवा, प्रवासात सीटखाली ठेवा.

जंप पॅकचा लाल चिमटा छोट्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा पुस्तकात दाखवलेल्या अर्थिंगच्या जागी किंवा बॉडीच्या उघड्या धातूला. पेट्रोल गाडीच्या स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात, इथे फक्त संगणक जागा करून कॉन्टॅक्टर जोडायचे असतात, त्यामुळे छोटा जंप पॅकही पुरतो. मिनिटभर थांबा. मग ब्रेक दाबून गाडी सुरू करा. कॉन्टॅक्टर जोडल्याचा दबका 'टक्' ऐकू येईल आणि स्क्रीनवर 'रेडी' दिसेल. नारिंगी वेष्टणाच्या केबलींना हात लावायचा नाही, त्यांत मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज असतं.

'रेडी' दिसलं म्हणून लगेच निघू नका. चिमटे काढून छोट्या बॅटरीला व्होल्टमीटर लावा. शिशाची बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. गाडी 'रेडी' असताना आकडा बहुधा १३.५ ते १४.५ मध्ये जायला हवा, कारण आता डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज करतो. आकडा बाराच्या आसपासच रेंगाळला किंवा उतरत गेला, तर कन्व्हर्टरकडून वीज येत नाहीये. अशी गाडी चालवू नका, ती वाटेत बंद पडू शकते. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, बोलवा. ह्युंदाई आणि कियाच्या काही ईव्ही २०२४ मध्ये आयसीसीयू या चार्जिंग युनिटमधल्या अशाच दोषासाठी परत बोलावल्या गेल्या. तुमची गाडी अशा यादीत आहे का, ते चासी नंबरवरून तपासता येतं.

आकडा बरोबर असेल, तर तासभर 'रेडी'त राहू द्या. आणि उलट मदत मात्र करू नका. तुमच्या ईव्हीवरून दुसऱ्याची पेट्रोल-डिझेल गाडी सुरू करून देण्याचं काम या छोट्या बॅटरीचं नाही.

चार्जिंगचा प्लग अडकला असेल, तर आधी चार्जर बंद करा. अनेक गाड्यांत डिकीच्या अस्तरामागे किंवा बॉनेटखाली प्लग सोडवायची दोरी असते.

मला सगळ्यात जास्त काळजी आत अडकलेल्यांची वाटते. विजेच्या बटणाने उघडणाऱ्या दारांना आतून हाताने उघडायची वेगळी कळ असते, पण काही गाड्यांत ती मागच्या दारांना नसते किंवा दाराच्या कप्प्यातल्या रबराखाली लपलेली असते. आजच शोधा, घरातल्या प्रत्येकाला एकदा ओढायला लावा. उन्हात लहान मूल आत अडकलं असेल, तर आपत्कालीन मदत बोलवा आणि ती यायची वाट बघत बसू नका. मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच कोपऱ्यात ठोसून फोडा. पुढची काच दोन थरांची असते, ती सहज फुटत नाही.

बॅटरी वारंवार बसत असेल, तर आधी डॅशकॅम आणि ओबीडी पोर्टमध्ये (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) कायम खोचून ठेवलेला डोंगल काढून बघा. उभ्या गाडीतला पहारा देणारा कॅमेरा बंद करा. ॲप सारखं उघडून गाडीची स्थिती बघत राहिलं तरी गाडी दरवेळी जागी होते आणि छोटी बॅटरी खर्च होते. एवढं करूनही बसत असेल आणि बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल, तर बदला. नवी घेताना जुनी साधी शिशाची आहे, एजीएम (शिशाचाच एक बंदिस्त प्रकार) आहे की लिथियम, ते बघून त्याच प्रकारची घ्या, कारण गाडीचं चार्जिंग त्या प्रकारासाठीच बेतलेलं असतं.