दोष अल्टरनेटरचा नव्हताच

पावसात आंबा घाट उतरताना गाडीचे हेडलाइट लुकलुकायला लागले. दोन्ही एकदम. एकच लुकलुकला असता तर मी बल्ब किंवा होल्डरवर संशय घेतला असता.

मेकॅनिकने बॉनेट न उघडताच सांगितलं, "अल्टरनेटर गेलाय, साहेब." अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र. खर्च ऐकून मी घरी येऊन व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर शोधला. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१. म्हणजे चार्जिंग होतंय, अल्टरनेटर बिचारा ठणठणीत!

मग इंजिन चालू ठेवून, दिवे लावून एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवली, दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडावर. तिथे ०.१ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. आकडा ०.९ पर्यंत नाचत होता.

म्हणजे गडबड अर्थिंगमध्ये, बॉडीतून बॅटरीकडे वीज परत नेणाऱ्या जोडणीत. बॅटरीची जाड काळी वायर बॉडीला आवळलेली असते, तो बोल्ट चक्क हाताने फिरला. थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) गंजाचा तांबूस भुगा. आधी निगेटिव्ह टर्मिनल काढलं (हे विसरू नका), पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, १० नंबरच्या पान्याने बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली फासली.

आता ०.०५. परवा पुन्हा घाट उतरलो, दिवे स्थिर. वायपर मात्र कुरकुरतोय.