घरघरणाऱ्या बाळाला घेऊन मुंबईला निघताना

आमच्या पुतणीला डबल एऑर्टिक आर्च निघाली, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी दोन फाट्यांनी जाऊन श्वासनळी न अन्ननळीभोवती कडं करते आणि दोघींना आवळते. पाच महिने सगळे कफच म्हणत होते. जळगाव-धुळ्याकडून कोणी असं बाळ घेऊन निघत असेल तर हे वाचा.

सगळ्यात आधी मोबाईलमध्ये व्हिडिओ, कारण डॉक्टरांसमोर बाळ नेमकं शांत झोपतं. दूध पिताना, रडताना, झोपेत असे वेगवेगळे काढा, कूलर-टीव्ही बंद करून, नाहीतर आपल्याकडच्या कूलरच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही, आणि झबलं वर करून काढा म्हणजे श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का तेही दिसतं. वहिनीने रात्री दोन वाजता काढलेला व्हिडिओ बघूनच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारं स्कॅन) लिहून दिली गेली.

एक वही ठेवा. पिताना किती वेळा थांबतं, मान मागे टाकतं का, न्यूमोनिया किती वेळा झाला, दर महिन्याचं वजन. वरचं खाणं सुरू असेल तर वरणाचं पाणी जातं पण मऊ भात अडकतो का, हेही लिहा.

फाइलमध्ये एक्सरेच्या फिल्म, इको (हृदयाची सोनोग्राफी), आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या. सीटी झालेली असेल तर सीडी मागूनच घ्या, सर्जनला नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. आणि इको नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, हे कडं इकोत सुटू शकतं. जन्मदाखला, आधार, रेशन कार्ड सोबत हवंच, महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन न ते हॉस्पिटल बसतं का ते निघायच्या आधीच विचारा, आणि जिल्हा रुग्णालयात आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या तपासणीची सरकारी योजना) लोकांनाही भेटा.

सीटीसाठी बाळाला भूल किंवा झोपेचं औषध लागू शकतं, मग उपाशी ठेवावं लागतं, साधारण आईचं दूध 4 तास आणि पावडरचं किंवा गाईचं 6 तास आधी बंद. नेमकी वेळ हॉस्पिटलवालेच सांगतील, पण भुसावळहून रात्रीच्या गाडीने जाणार असाल तर शेवटचं पाजणं कुठल्या स्टेशनच्या आसपास येईल हे आधीच ठरवा.

ओठ निळे पडले, श्वास थांबला तर मात्र मुंबईची अपॉइंटमेंट बघत बसू नका, लगेच 108 लावा, ऑक्सिजन असलेलं जवळचं हॉस्पिटल गाठा.

22क्यू11 (एक जनुकीय दोष) ची तपासणी न कॅल्शियम बघायचं का हेही विचारा, काही बाळांमध्ये हे सोबत निघतं.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की ऑपरेशन झालं तरी घरघर लगेच जात नाही, इतके महिने दबलेली श्वासनळी मऊ पडलेली असते, आवाज कमी व्हायला कित्येक महिने लागू शकतात. आम्ही हे सांगायचं विसरलो, आणि पोरगी घरी आली त्या रात्री तोच आवाज ऐकून आमची आई देवघरासमोर बसून रडत राहिली.