दुरंगी पानांवर स्लॅम बोलताना या चुका टाळा

ब्रिजमध्ये पाच-पाच किंवा सहा-पाच पानांचे दोन रंग हाती आले की चित्रपानांच्या गुणांची बेरीज मागे पडते. भिडूचा एक्का किंवा राजा आपल्या लांब रंगात आहे, की आपल्याकडे एकही पान नसलेल्या रंगात, यावर 12 हात होणार की 10, हे ठरते. फसलेल्या बहुतेक स्लॅममध्ये (12 हातांची बोली म्हणजे छोटा स्लॅम, सर्व 13 हातांची म्हणजे ग्रँड स्लॅम) मला एकच घाई दिसते: पाने कुठे आहेत हे कळण्याआधीच ती किती आहेत हे विचारले जाते.

समजा, तुमच्याकडे इस्पिक राजा-राणी-गुलाम-9-7-4, बदाम एक्का-राजा-राणी-8-3 आणि किलवरची दोन लहान पाने आहेत. चौकट मुळीच नाही. तुम्ही 1 इस्पिक बोललात आणि भिडूने 3 इस्पिक बोलून साथ दिली. येथे 4 नो-ट्रम्प बोलून ब्लॅकवूड, म्हणजे भिडूकडे किती एक्के आहेत हे, विचारणे ही सर्वांत महागडी चूक होय. उत्तरात एक एक्का आला, तर तो हुकमाचा की तुम्हाला निरुपयोगी असलेला चौकटचा, हे कळत नाही. आणि हुकमाचा निघाला तरी किलवरचे एक्का-राजा विरोधकांकडे असल्यास पहिले दोन हात जातात. त्याऐवजी 4 चौकट ही नियंत्रण (त्या रंगात विरोधकांना लागोपाठ पहिले दोन हात घेऊ न देण्याची ताकद) दाखवणारी बोली द्यावी. 4 किलवर ओलांडल्यामुळे त्या रंगात तुमचे नियंत्रण नाही, हे भिडूला आपोआप समजते. त्याच्याकडे ते असल्यास तो पुढे जाईल, नसल्यास 4 इस्पिकवर थांबेल. 5 चौकट ही उडी, म्हणजेच एक्स्क्लूजन ब्लॅकवूड, चौकटचा एक्का वगळून की-कार्डे (एक्के आणि हुकमाचा राजा) विचारते; पण किलवरच्या राजाविषयी तीही मौन पाळते.

दोन्ही रंग जुळल्याचे बोलीतून स्पष्ट झाले, की अनेक जोड्या चार एक्के आणि त्या दोन रंगांचे राजे अशी पाचाऐवजी सहा की-कार्डे मोजतात. हा करार उत्तम आहे, परंतु तो नेमका केव्हा लागू होतो हे आधीच ठरलेले असावे. बदाम हुकूम असताना उत्तर देणाऱ्याने इस्पिकचा राजा धरून तीन की-कार्डे दाखवली आणि दोन की-कार्डे हाती असलेल्या विचारणाऱ्याने एकूण पाचच मोजली, तर एक एक्का बाहेर असतानाही 7 बदाम बोलले जाते. अशा वेळी ग्रँड स्लॅमबरोबर छोट्या स्लॅमचा 500 किंवा 750 गुणांचा हक्काचा बोनसही हातचा जातो.

विरोधकाच्या 1 बदामावर भिडूने मायकेल्सची (विरोधकाचाच रंग बोलून आपले दोन रंग दाखवणारी) 2 बदाम ही बोली देऊन इस्पिक आणि एक मायनर (किलवर किंवा चौकट) दाखवला व पुढच्या विरोधकाने 4 बदाम म्हटले, तर तुमचे 4 नो-ट्रम्प सहसा भिडूचा मायनर विचारते. येथे एक्के सांगण्याच्या सवयीने 5 चौकट असे उत्तर गेले, तर भलताच रंग हुकूम होऊन बसतो.