नाल्याचा एकच फोटो, बारा महिने: शिवाराची नोंद कॅमेऱ्यात कशी ठेवावी

जुलैत बेळगावचा बळ्ळारी नाला पसरला की येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातलं बुडालेलं भात मोबाईलवर फिरू लागतं. दोन दिवस हळहळ होते, मग विषय मागे पडतो. फोटो खोटा नसतो. पण तो कुठल्या बांधावरून घेतला, पाणी किती दिवस उभं होतं, गेल्या साली तिथं काय होतं, हे त्यातून कळत नाही. बघणाऱ्याला राग येण्यापुरता तो पुरतो, दाव्याला पुरत नाही. म्हणून काम पूर यायच्या आधी, धूळवाफ पेरणीच्या (पावसाआधी कोरड्या मातीत करतात त्या) दिवसांतच सुरू करावं लागतं.

आधी तीनच जागा ठरवा: एक पुलावरची, एक बांधावरची आणि एक गटार नाल्याला मिळतं तिथली. जास्त जागा घेतल्या की दोन महिन्यांत कंटाळा येतो आणि नोंदीत खाडे पडतात. पुलाच्या कठड्याचा कितवा खांब, विजेच्या कुठल्या खांबापासून किती पावलं, हे वहीत लिहा. चौकटीत न हलणारी एक खूण हवीच. येळ्ळूरच्या बाजूला राजहंसगड मागे दिसतो आणि मोह होतो, पण पावसाळ्यात गड ढगात जातो आणि नेमका पुराच्या फोटोत खूण गायब होते. त्यामुळे पंपाची खोली किंवा विजेचा खांब अशी जवळची खूणही धरा.

कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर ठेवा. तेवढ्या उंचीची काठी सोबत असली की प्रश्न मिटतो. फोनवर १x म्हणजे मुख्य लेन्सच वापरा. ०.५x वर जवळचा कचरा डोंगराएवढा दिसतो आणि शिवार लांब पळतं. उलट जास्त झूम केला की लांबची गटारं एकमेकांना चिकटलेली वाटतात. सुनावणीत समोरचा माणूस पहिलं बोट इथंच ठेवतो. मागच्या फेरीच्या फोटोचा प्रिंट हातात धरून नवी चौकट जुळवा, डोळ्यांच्या आठवणीवर जाऊ नका.

फेऱ्यांचं वेळापत्रक पिकावरून ठरतं. पेरणीनंतर एक फोटो. पाणी चढलं की रोज एक, ओसरेपर्यंत. भाताचं रोप पूर्ण बुडालेलं किती दिवस तग धरतं याला मर्यादा आहे, आणि दुबार पेरणी का करावी लागली हे या रोजच्या मालिकेतूनच दाखवता येतं. दहा-दहा सेंटीमीटरवर लाल-पांढरे पट्टे मारलेला बांबू बांधाच्या कडेला रोवला तर खोलीही मोजता येते. ओसरल्यावर गाळाचा एक, सुगीत एक, मसूर-वाटाणा उभा असताना एक. आणि एप्रिल-मे विसरू नका. बहुतेक जण विसरतात, खरं तर सगळ्यात बोलका फोटो तोच. महिनाभर पाऊस नसताना नाला वाहतोय, तर ते पाणी पावसाचं नाही एवढं तरी कुणालाही मान्य करावं लागतं.

रंगात फोन फसवतो. ‘सीन ऑप्टिमायझर’सारखी सोय चालू असली की काळं पाणी हिरवट-निळं होतं. ती बंद करा, प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची सोय) ५२०० ते ५५०० केल्व्हिनच्या दरम्यान एकाच आकड्यावर कायम ठेवा आणि प्रत्येक फेरीचा पहिला फोटो पांढरा कागद चौकटीत धरून घ्या. सकाळी आठ ते दहा, सूर्य पाठीमागे ठेवून. भरून आलेल्या आभाळात फोन आकाश सांभाळायला पाणी आणखी काळं करतो, तेव्हा पाण्यावर बोट दाबून प्रकाश ठरवा. फेसासाठी शटर १/५०० सेकंदावर ठेवा. शटर मंद ठेवलं तर पाणी रेशमासारखं दिसतं, फेसाचं धुकं होतं आणि पुरावा गेला. नुसता फेस म्हणजे प्रदूषण नव्हे, हेही ध्यानात असू द्या. कुजलेल्या पाल्याच्या पाण्यालाही बंधाऱ्याखाली फेस येतो. तपासणीसाठी नमुना घेत असाल तर बाटली, तिच्यावरची चिठ्ठी आणि मागची जागा एकाच चौकटीत घ्या.

फोटोखालचा मजकूर म्हणजे निम्मं काम. तारीख, वेळ, गाव आणि शक्य असेल तर सर्व्हे नंबर, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला, शेवटचा पाऊस कधी झाला. ‘विषारी पाणी’ असं तपासणीआधी लिहू नका, ‘काळसर, दुर्गंधीयुक्त पाणी’ लिहा. मजकूर मराठीबरोबर कन्नडमध्येही द्या. भाषेचं राजकारण आपल्या जागी, पण कारभार कन्नडमध्ये चालतो आणि न वाचलेला कागद कुणालाच हलवत नाही.

माणसं घेताना आधी विचारा, आणि फोटो कुठे लागणार तेही सांगा. जपानच्या मिनामाता गावात पाऱ्याच्या विषबाधेची दाहकता जगाला कळली त्यात अमेरिकी छायाचित्रकार युजीन स्मिथ यांच्या १९७१ च्या फोटोचा वाटा मोठा होता: आई अपंग मुलीला न्हाऊ घालतेय. पुढे मुलगी गेल्यावर घरच्यांना तो फोटो पुन्हापुन्हा छापलेला नको झाला आणि युजीन यांच्या तेव्हाच्या पत्नी आणि सहकारी आयलीन स्मिथ यांनी तो नव्यानं छापायला देणं थांबवलं. होकार एकदा मिळाला म्हणजे जन्माचा मिळाला असं नसतं. शिवारातल्या मावशींनी वर्षभरानं नको म्हटलं तर फोटो काढून टाका.

मूळ फाइल कापू नका, उजळू नका. दुरुस्ती प्रतीवर करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि तारीख-ठिकाणाची आतली नोंद पुसली जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचा हॅश आकडा (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा) द्यावा लागतो, तो त्याच दिवशी काढून वहीत टिपून ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाकडे कलम १४ खाली जायचं तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, आणि कर्नाटकची प्रकरणं चेन्नईच्या खंडपीठाकडे जातात. इथं तारखांचा गोंधळ महागात पडतो.

ड्रोनचा मोह शक्यतो आवराच. सांबऱ्याचा विमानतळ आणि वायुदलाचं केंद्र जवळ आहे. उडवायचाच असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर त्या दिवशीचा विभाग पाहिल्याशिवाय नाही. कॅम्प भागातही लष्करी हद्द असल्यानं कॅमेरा बाहेर काढताना भान ठेवा. खानापूरकडे भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही, आणि तिथल्या गुहांतल्या दुर्मीळ वटवाघळांवर फ्लॅश मारायचा नाही, परवानगी असली तरी.

वर्ष भरलं की बारा-पंधरा फोटो निवडा. बारा मेगापिक्सेलच्या फोनवरचा फोटो १२ बाय १८ इंचांवर नीट येतो. फ्लेक्स चमकतो, मॅट कागद घ्या. देवळाच्या कट्ट्यावर तारखेच्या क्रमानं, डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि खाली दोरीला पेन बांधून वही ठेवा. ‘हे पाणी बुधवारचं नव्हे, मंगळवारचं’ असं कुणीतरी लिहून जाईलच. ते पडताळून मजकूर दुरुस्त करा, मगच संच महापालिकेत आणि प्रदूषण मंडळात द्या, पोचपावती घेऊन.